साळिंदराची लंगडी

थंडी पडली की आमच्या गल्लीच्या तोंडाशी उकडलेल्या रताळ्यांचा गाडा लागतो. गिऱ्हाईक सगळं क्लासचं. पाठीवर दप्तर, हातात रताळं, ओठांवर सूत्रं. लातूरच्या ज्या भागात मी राहतो तिथं आता माणसांपेक्षा क्लास जास्त झालेत. आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा भुंकताना चार पर्याय देतं आणि बरोबर निवडल्याशिवाय वाट सोडत नाही. दरवर्षी गाडा लागला की मी एक रताळं थोरल्या बहिणीसाठी, आक्कासाठी, घरी न्यायचो. ती ते हातात घेऊन उलटंपालटं करायची, नाकाशी धरायची आणि निकाल द्यायची, "ह्याला चव न्हाई रे बापू. साळिंदर तोंड लावायचं न्हाई ह्याला."

साळिंदर तोंड लावील की नाही यावर रताळ्याची पारख करणारी अख्ख्या लातूर शहरात ती एकटीच बाई होती. आक्का दसऱ्यानंतर गेली. यंदा गाडेवाल्यानं मला हाक मारली तेव्हा मी रस्त्यात काहीतरी हरवल्यासारखा खाली बघत पुढं निघून आलो. वास मात्र माझ्या मागं मागं आला. फाटक लावलं तरी आत आला.

माणसानं खाली बघावं कशाला, तर ठसे बघायला. मला ठसे ओळखता येतात. हे मी फार नम्रपणे सांगतोय. लातूर–नांदेड गाडीवर मी कंडक्टर होतो. पॅसेंजर पायरीवर पाय ठेवायचा आणि मी त्याचं तोंड न बघता तिकीट फाडायचो. चपलेला चिकट काळी माती म्हणजे अहमदपूर, मुरमाची धूळ म्हणजे लोहा, पाय स्वच्छ आणि खिशात डोक्याला बांधायचा रुमाल म्हणजे थेट नांदेडचा गुरुद्वारा. एकदा एका म्हाताऱ्याची पायतणं बघून मी सांगितलं, "मामा, तुमच्या जोडीतला डावा बैल लंगडायलाय." म्हातारा पुढच्याच थांब्यावर उतरला आणि बैल बघायला परत घरी गेला. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते माझ्या बायकोला, सुमनला विचारा. ती म्हणेल, दुसरं.

जनावरांच्या ठशांचं मात्र खोटं नाही. आम्ही घर बांधलं तेव्हा लातूर तिथं संपत होतं. परसाच्या कुंपणाला बाभळीच्या काट्या, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडं ज्वारी आणि तूर, नजर दमेपर्यंत. सकाळी परसात उतरलं की मऊ मातीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची हजेरी लागलेली असायची. मांजराचा ठसा गोल आणि बिननखाचा. मांजर नखं खिशात घालून चालतं. कुत्र्याला एवढी अक्कल नाही, त्याची नखं दिसतात. मुंगसाची बोटं पाच आणि चाल अशी, की त्याला कुठंतरी साक्षीला वेळेवर पोचायचंय. घोरपड दोन्ही बाजूंना नखं रोवत मधोमध शेपटीची रेघ ओढते. कोल्हा एका ओळीत चालतो, सुतानं आखल्यासारखा.

आणि ससा. ससा उडी घेतो तेव्हा त्याचे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढं जाऊन पडतात. म्हणून नवखा माणूस सशाचा माग उलटा वाचतो. तो आला कुठून हे बघायला जातो आणि तो गेला कुठं तिथं पोचतो. पूर्वी मी अशा माणसांना हसायचो. हल्ली माझंच मागचं पाऊल पुढं पडायला लागलंय. गाड्यावरचं रताळं बघायला जातो आणि भूकंपानंतरच्या हिवाळ्यात पोचतो.

आक्का तेरणाकाठच्या गावात दिलेली. गणपतीचं विसर्जन करून गाव नुकतं झोपलं होतं. गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं, म्हणून आक्का तिला बांधायला अंगणात आली, आणि तिच्या पाठीमागं घर बसलं. हातभर जाड दगडी भिंती, वर माळवद, माळवदावर पांढऱ्या मातीचा थर. असलं घर उन्हाळ्यात गार असतं म्हणून आम्हीच सोयरीक करताना खूश झालो होतो. आत दाजी होते आणि गोदी होती. आक्काची लेक. गोदी नुकती चालायला लागली होती. तीही भिंत धरून.

आक्काला आणि म्हशीला मी एकाच ट्रकमधून लातूरला आणलं. म्हैस मागं ठेवायला ती तयार नव्हती. "जनावराला कळलं," एवढंच म्हणायची. माणसांकडं बघायची नाही.

तेव्हा लातुरात कुणी छताखाली झोपत नव्हतं. आम्ही परसात पत्र्याचं शेड मारलं आणि तिथंच चूल मांडली. कुठं भांडं पडलं तरी सगळी गल्ली रस्त्यावर. शेजारचे एक गुरुजी पोटात गुडगुडलं तरी बाहेर पळायचे. मी हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही, मीही त्यांच्या मागं पळायचो. दिवाळी आली तशी गेली. कुणाच्या दारात आकाशकंदील नव्हता, आणि आकाश तर आता आमच्या उशालाच होतं.

आमच्याकडं एक रीत आहे. माणूस जिथं जातो त्या जागी पीठ पसरून सारखं करतात, वर टोपली पालथी घालतात, शेजारी दिवा. सकाळी टोपली उचलायची. पिठावर ज्याचा ठसा, त्याचा जन्म मिळाला. आमच्या गावात माणसं मरून बहुतेक मुंग्याच झाली, कारण टोपलीखाली दुसरं शिरणार कोण. एका पाटलाच्या पिठावर वाघाचा पंजा उमटला असं त्यांच्या घरचे सांगतात. तो बोका मी स्वतः पाहिलाय.

दाजींचं सगळं झालं, गावातल्या सगळ्यांचं एकत्रच झालं तसं. गोदीचं काही झालं नाही. भावकीतल्या थोरल्या माणसानं आक्काला समजावलं, "लेकराचं पीठ लावत न्हाईत, पोरी." आणि लावायचं तरी कुठं? ती जागा दगडांखाली होती.

मग आक्कानं आपलीच रीत काढली. परसात सुमननं रताळ्याचे वेल लावले होते. त्यांच्या कडेला आक्का संध्याकाळी गोवऱ्यांची राख पसरायची. जुन्या लुगड्यातून गाळलेली, हातानं थापून गुळगुळीत केलेली, गोदीला पावडर लावायची तशी. टोपली घालायची नाही. "टोपलीखाली ती कशी येईल," म्हणायची. सकाळी उठून तिथं बसून राहायची, आणि ठसा दिसला की मला विचारायची. सगळ्या मुलखाच्या पायांचा मीच जाणकार ना.

एके दिवशी सुमननं मला बाजूला घेतलं. "अहो, आक्का जेवत न्हाईत. ताट म्हशीला घालायल्यात." मी बघितलं, तर आक्काच्या बांगड्या कोपरापर्यंत वर चढत होत्या. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण असंच चाललं तर बाई संक्रांत बघायची नाही. औषध त्यांच्याकडं नव्हतं. माझ्याकडं फक्त थापा होत्या. मी त्याच लावल्या.

दुसऱ्या दिवशी ती राखेपाशी बसलेली. "बापू, हे कुणाचं?"

"आधी भाकर," मी म्हटलं. "मग ठसा."

"सांग की रे."

"कंडक्टर हाय मी. फुकट काय मिळत न्हाई."

तिनं माझ्याकडं रागानं बघितलं आणि एक घास मोडला. भूकंपानंतर पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं होतं. रागानं का होईना.

मग रोजचाच तो खेळ झाला. ड्यूटीवर जायच्या आधी मी राखेपाशी बसायचो. जेवढी भाकर तेवढी गोष्ट. भाकर संपली की गोष्ट संपली. हे कळल्यावर सुमननं भाकरी मोठ्या थापायला सुरुवात केली, आणि माझ्या गोष्टींना पाय फुटले. हा कोल्हा बिदरहून आलाय, ह्याला मराठी कळत नाही, कानडीत 'होग' म्हटलं तरच जातो. ही घोरपड उदगीरच्या किल्ल्यावर नोकरीला होती, पेन्शनीत निघाली. ही टिटवी नांदेडहून माझ्याच गाडीनं आली, टपावर बसून, तिकीट मागितलं तर ओरडायली. आक्का मुकाट्यानं चावायची. शेवटी राखेकडं बघून म्हणायची, "ही न्हाई." संध्याकाळी परत राख गाळायची. ती कशी ओळखणार होती ते मी कधी विचारलं नाही.

एकदा मांजराचे ठसे होते. मी दोन्ही हात कानाला लावले. "आक्का, वाघ."

ती वाकली. "वाघ हाय आन एवढुसा?"

"उपास होते त्याचे."

"मांजर हाय, मेल्या," ती म्हणाली आणि आपण होऊन भाकरीचा तुकडा मोडला. तो 'मेल्या' ऐकून सुमन शेडच्या आड गेली आणि बराच वेळ आली नाही.

मार्गशीर्षातली एक सकाळ. मी उठलो तर आक्का राखेपाशी उभी, पदर तोंडात धरलेला. मला बघून तिनं पदर सोडला.

"भाकर खाल्ली म्या," ती म्हणाली. "समदी खाल्ली. आता सांग."

राखेत पावलं होती. टाच, लांबट तळवा, पुढं बोटांचे ठिपके. भिंत सोडून लेकरू पहिल्यांदा मोकळं चालतं तशी, जवळजवळ, आत वळलेली. मी आयुष्यभर जनावरांचे पाय बघितलेत, पण माझ्याही छातीत म्हशीनं दावं तोडावं तसं झालं. आक्काचा चेहरा मला बघवेना. तो उजळला होता. मला फक्त एक नाव उच्चारायचं होतं. हिवाळाभर मी मुंगसाला साक्षीदार आणि मांजराला वाघ केलं होतं. ही थाप तर समोर तयार वाढून ठेवलेली होती.

पण बाजूला रताळ्याचा वाफा उकरलेला होता. उरलेल्या तुकड्यांवर रुंद दातांच्या खाचा होत्या. पावलांच्या मागं केरसुणी ओढल्यासारख्या बारीक रेघा, आणि वेलात अडकलेला एक काटा, काळा-पांढरा, वीतभर.

"साळिंदर हाय, आक्का," मी म्हटलं. माझ्या जन्मात मी एवढं आखूड कधी बोललो नव्हतो.

ती खाली बसली, वेलातला काटा काढला, त्याचं टोक बोटावर टेकवून बघितलं.

"लई टोचतंय की."

"हाव."

"समद्या अंगाला असतेत?"

"पाठीला समद्या. कुणी जवळ आलं की उभे करतंय. वाघ बी हात लावत न्हाई."

आक्का काट्याकडं बघत राहिली. ओढ्यापलीकडून ज्वारी राखणाऱ्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मग बरं हाय. आता तिच्यावर काय पडायचं न्हाई."

आणि उठून सुमनला सांगितलं, "ह्यो वाफा काढू नको गं. राहू दे. ती येतीया."

मला ते नीट कळायला तिथंच उभं राहावं लागलं. जे मला थापेतही बोलायचं धाडस झालं नाही, ते खरं बोलून होऊन गेलं होतं. रीतच तशी आहे. ज्याचा ठसा, त्याचा जन्म. त्या संक्रांतीला आक्कानं सुमनला वाण दिलं नाही, विधवा बाईनं द्यायचं नसतं म्हणून; पण तीळ तिनंच भाजले, आणि दोन खाल्ले.

पुढची वर्षं लातूर असं वाढलं, की सकाळी दूध आणायला गेलेला माणूस परत येईस्तोवर शेजारी एक मजला चढलेला असायचा. कुणाचा पोरगा राज्यात चमकला, कुणाच्या क्लासला नांदेड, बिलोली, देगलूरहून पोरं लोटली. ज्वारीचे प्लॉट झाले, प्लॉटचं हॉस्टेल झालं, ओढ्यावर स्लॅब पडला. आम्हीही शहाणे झालो. शेड पाडून क्लासच्या पोरींसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या, खोल्यांवर खोल्या. म्हैस म्हातारी होऊन गेली. प्रत्येक बांधकामाला आक्का गवंड्यापुढं उभी राहायची. "तेवढं सोड." तेवढं म्हणजे रताळ्याचा वाफा आणि राखेची जागा. वाफा दरवेळी आखूड होत गेला, पण राहिला. खोलीतली पोरगी विचारायची, "आत्या, ही राख कशाला?" आक्का म्हणायची, "पोरीचा निकाल बघाया." पोरींना ते लगेच पटायचं. या गल्लीत निकाल बघायला लोक याहून विचित्र गोष्टी करतात.

साळिंदर यायचं केव्हाच थांबलं होतं. येणार कुठून? एवढ्या स्कूट्या चुकवून साळिंदर आलं असतं तर त्याला कुठल्याही क्लासनं फुकट प्रवेश दिला असता. आक्काची राख कोरी राहायला लागली. एक हिवाळा, मग दुसरा. ती काही म्हणायची नाही, पण भाकर अर्धी व्हायला लागली.

लहानपणी महालक्ष्म्यांच्या सणाला उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावलं काढायचं काम आक्काचं. मूठ वळायची, कालवलेल्या चुन्यात तिची कड बुडवायची आणि फरशीवर टेकवायची, झाला तळवा. वर बोटाच्या टोकानं ठिपके, झाली बोटं. तिनंच मला शिकवलं होतं. एका सकाळी ती उठायच्या आधी मी परसात गेलो आणि मूठ वळली. राखेवर, रताळ्याकडं जाणारी, लहान लहान. काटे ओढल्याच्या रेघा केरसुणीच्या हिरानं काढल्या. एवढं सुबक साळिंदर देवालाही जमलं नसतं.

आक्का आली, वाकली, आणि पुष्कळ वेळ वाकूनच राहिली.

"बापू, आली होती बग."

"हाव की."

"पर समदी पावलं उजव्याच पायाची हायत."

मी हाताकडं बघितलं. मी सगळी पावलं उजव्याच मुठीनं काढली होती. नखात राख होती. हात पाठीमागं घेतला. जिनं महालक्ष्मीची जोडपावलं दोन्ही मुठींनी काढली, तिच्यापुढं मी एकच मूठ घेऊन गेलो होतो.

"लंगडी घालत गेली असंल," आक्का म्हणाली. "आता वय हाय तिचं लंगडीचं." आणि आत जाऊन अख्खी भाकर घेऊन बसली.

त्यावर आम्ही कधी बोललो नाही. पण त्यानंतर मी डावी मूठ कधी वापरली नाही. आक्कानं एकदा लंगडी म्हटल्यावर पोरीला दोन पायांवर आणणारा मी कोण? लंगडीत दुसरा पाय टेकला की डाव संपतो. आमचा डाव पुष्कळ वर्षं चालला. मी रिटायर झालो, गुडघे गेले, भिंतीला धरून वाकायला लागलो. गोदी आपली लंगडी घालतच राहिली.

दसऱ्यानंतर आक्का तिच्या खोलीतच गेली, दुपारी, चहा मागून. चहा यायच्या आत. आम्ही पीठ लावलं, ज्वारीचं, टोपली, दिवा, सगळं रीतीनं. पण खाली टाइल, खिडकीला जाळी, दाराला रबराची पट्टी. सकाळी सुमननं टोपली उचलली आणि तशीच धरून उभी राहिली.

"कोरं हाय ओ."

भावकीतले म्हणाले, चांगलं आहे, सुटली. सुटली असेल. पण मला मुंगी चालली असती. कसलाही पाय चालला असता. आयुष्यभर तिला सांगत आलो कोण आलं, कोण गेलं. ती कुठं गेली हे सांगायला मला एक रेघ मिळाली नाही.

तो वाफा मग मला बघवेना. पोरींना स्कूट्या लावायला जागा हवीच होती. मी गवंड्याला सांगितलं, तेवढ्यावर कोबा करून टाक. रताळ्याचा गाडा चुकवून मी घरी आलो तो त्याच दिवशी. गवंडी कोब्यावरून शेवटचा हात फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचीच हाक आली. "काका, कशानं तरी घाण केली बगा. चालत गेलंय वरून."

मी गेलो. सनाही तिथं होती, खालच्या खोलीतली, बिलोलीची. आक्काचं आणि तिचं जमायचं. मागच्या टेस्टला मार्क कमी पडल्यापासून तिचा मेसचा डबा भरलेलाच परत जायचा. सुमन रोज त्यावर बोलायची. ओल्या सिमेंटवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ठसे गेले होते. मी भिंत धरून वाकलो. मनातल्या मनात मी काय काय मागितलं ते इथं लिहीत नाही.

"कशाचं हाय, काका?" सना म्हणाली.

गोल. चार बोटं. नखं नाहीत.

"मांजर," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. खोटं कशाला बोलू."

गवंड्यानं घमेल्यात माल कालवला, ठशांवर पसरला, पट्टीनं सारखा केला. गुळगुळीत झालं, हातानं थापल्यासारखं. तो पुन्हा पट्टी उचलणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांब जरा." आणि गुडघे करकरत खाली बसलो.

उजवी मूठ टेकवली. बोटानं ठिपके. मग डावी मूठ वळली. ती पुढं टेकवली. उजवं, डावं. उजवं, डावं. जुन्या ओढ्याकडच्या भिंतीपर्यंत.

"काका, हे काय करायलाव?" गवंडी म्हणाला. "वाळलं की राहतंय ते तसंच."

"राहू दे."

मी नळाखाली हात धुतले. सिमेंट रेघांत जाऊन बसलं होतं, निघेना. सना त्या पावलांपाशी उकिडवी बसली होती. बसल्या बसल्या तिनं आपला तळहात एका पावलाशेजारी धरून मापून बघितला.

"आता हे कशाचं, काका?"

मी सुमनला हाक मारली, तवा तापव म्हटलं.

"आधी भाकर खा," मी सनाला म्हणालो. "मग सांगतो."